कवडूभाऊंच्या पायांतली आग

मित्रांनो, धरमपेठेतल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी असलेली जुनी चाकांची खुर्ची म्हणजे मी. माझा रंग उडाला आहे आणि डावे चाक कुरकुरते. तरी मी स्वतःला भाग्यवान समजते, कारण कवडूभाऊंसारख्या माणसाला मी कित्येक वर्षे वाहिले.

लोखंडी नळ्या वाकवून, सायकलची चाके लावून आणि वेताची बैठक विणून नागपुरातल्याच एका कारागिराने मला बनवले. ते १९६९ साल असावे. पुढे कवडूभाऊ माझ्याकडे आले. ते लकडगंजात लाकडाच्या टालावर काम करत. ट्रकमधून उतरवताना सागाचा ओंडका निसटला आणि त्यांच्या पाठीवर पडला. कण्यातला मज्जारज्जू दुखावला. कमरेखाली पाय हलेनात, त्यांना स्पर्शही कळेना.

पण त्याच पायांत आग पेटलेली असे. एकदा मांडीवर गरम चहा सांडला, तो त्यांना कळला नाही. आणि काही न सांडता पाय जळतात, असे ते सांगत. ज्या पायांना चिमटा कळत नाही ते दुखतील कसे, असे नातेवाईक म्हणत. त्यांची बायको मनकर्णाबाई मनापासून सेवा करी, पण तिलाही हे खरे वाटेना. शेवटी कवडूभाऊंनी सांगणेच सोडले. कळ आली की ते माझे हात घट्ट धरत. किती घट्ट, ते फक्त मला ठाऊक होते.

एके दिवशी या दवाखान्यातल्या डॉक्टर अरुंधतीबाई तपासायला आल्या. कवडूभाऊ त्यांना शांतपणे म्हणाले, "बाई, माहे पाय कापून टाका. चालाच्या कामाचे तं नाहीत, नुसते जळून राहिले."

बाई हसल्या नाहीत. जवळ बसून त्यांनी कसे जळते ते विचारले. निखाऱ्यावर ठेवल्यासारखे, मधेच करंट बसल्यासारखे, असे कवडूभाऊंनी सांगितले. मग बाईंनी समजावले, की पायांची खबर डोक्यापर्यंत नेणारी दोरी जिथे दुखावली आहे, तिथूनच चुकीच्या खबरा वर जातात. पाय कापले तरी आग राहील.

"पण हे दुखणं खरं आहे, कवडूभाऊ," त्या म्हणाल्या.

कवडूभाऊ तोंड फिरवून रडले. मनकर्णाबाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आता मले सांगत जा," ती म्हणाली. "मी आयकीन."

औषधाने आग थोडी कमी झाली, गेली नाही. त्याच सुमारास माझी बैठक फाटली. कवडूभाऊंनी वेत मागवला आणि खटपट करून ती स्वतः विणली. हात गुंतले की जळणे जरा मागे सरते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी तोच धंदा धरला. त्यांच्या विणीला कधी झोळ पडला नाही. फार जळायला लागले की ते मनकर्णाबाईला सांगत, थांबत, आणि ओसरले की पुन्हा वेत हातात घेत.

काही वर्षांनी याच दवाखान्यात खापा गावचा तरुण रवींद्र आला. विजेच्या खांबावरून पडून त्याचेही पाय गेले होते. तो कोणाशी बोलेना, जेवेना. अरुंधतीबाईंनी कवडूभाऊंना बोलावले. त्या दिवशी त्यांचे स्वतःचे पाय सकाळपासून पेटले होते, तरी ते आले.

"पाय जळतेत का गा?" त्यांनी हळूच विचारले.

रवींद्र बघतच राहिला. "तुमाले कोणं सांगतलं?"

"कोणंच नाही. माहेही जळतेत."

मग तो तरुण बोलू लागला, तो दिवस मावळेपर्यंत. कवडूभाऊंची बोटे माझ्या हातांवर आवळत होती, पण ते जागचे हलले नाहीत.

पुढे त्यांना नवी, हलकी खुर्ची मिळाली. मी इथे आले. आता माझ्यावर फरशी पुसायचे ओले पोछे वाळत घालतात. मित्रांनो, माझ्या चाकांना थोडे तेल घाला, मी अजून कोणाच्या तरी उपयोगी पडेन. आणि माझ्यात बसलेला माणूस दुखते म्हणाला, तर त्याच्या पायांकडे बघून निवाडा करू नका. त्याचे पुरते ऐकून घ्या.