पत्ता

फोनला रेंज मिळेना म्हणून खुजामा वाळूच्या उंचवट्यावर चढली आणि ओढणीचा आडोसा करून बोलू लागली.

"मार्सेल? ऐकू येतंय का?"

"जिवंत आहेस! अगं, मला तर वाटलं..."

"वाटू दे. आम्ही इतक्या सहज मरत नाही."

पलीकडून ओळखीचं हसू आलं, अर्धवटच. मार्सेल ज्यू, गाझाच्या कुंपणापलीकडच्या किबुत्झमध्ये, म्हणजे इस्रायली सामूहिक वस्तीत राहणारी. आईवडील बगदादहून आलेले, त्यामुळे घरातली अरबी तिने टाकली नव्हती. शांतता करार झाला त्या काळात दोन्हीकडच्या बायकांच्या बैठका भरत, तिथे दोघींची गाठ पडली. गाझातल्या खान युनिस शहराच्या जुन्या बाजारात मिरच्या घेत त्या हातात हात घालून फिरल्या होत्या. पुढे करार कागदावरच राहिला, येणंजाणं बंद झालं, एकामागून एक युद्धं झाली. फोन मात्र सुटला नाही. मग ऑक्टोबरमधल्या त्या सकाळी हमासच्या हल्ल्यात मार्सेलचा मुलगा त्याच्या दारातच मारला गेला. त्यानंतरच्या बॉम्बफेकीत खुजामाचा नवरा घरासकट गेला. दोघींनी एकमेकींचं सांत्वन केलं होतं. जखमेला धक्का लागू नये, इतकं जपून.

"यौताम कसा आहे?" खुजामाने विचारलं. मार्सेलचा हा नातू लहानपणी फोन ओढून घ्यायचा आणि तिला आजी म्हणायचा.

मार्सेल घुटमळली. "तो... आत आहे. तुमच्याकडे. रणगाड्यावर."

खुजामाने खाली पाहिलं. तंबूसमोर तिची सून अबला धुरात डोळे पुसत मसूर शिजवत होती. दोघी नाती पातेल्याला चिकटून बसल्या होत्या.

"खुजामा, तुम्ही आत्ता कुठे आहात? नीट सांग. मी यौतामला कळवते, तो वरच्यांच्या कानावर घालेल. म्हणेल, इथे बायकापोरं आहेत, इथे नका..."

मार्सेलच्या बोलण्यात खोट नव्हती. इतक्या वर्षांत कधीच नव्हती.

"खान युनिसला," खुजामा म्हणाली. "जुन्या बाजारामागे, बहिणीकडे."

समोर समुद्र खवळला होता. लाट आपटली की स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. त्या बाजारात समुद्र कधीच ऐकू येत नाही.

"मोठा आवाज येतोय गं," मार्सेल म्हणाली.

"वारा सुटलाय."

"हो. वाराच असेल." मग हळूच म्हणाली, "खान युनिस. बरं. जप हं."

"तूही."

खुजामा खाली आली. अबलाने पळी थांबवली.

"काय म्हणाली, आत्या? काही करेल का आपल्यासाठी?"

"करील. तिच्या हातात असतं तर सगळं करील."

खुजामा तंबूचा दोर सोडू लागली. गाठ भिजून घट्ट झाली होती. तिने दात लावले.

"अहो आत्या, हे काय? कालच तर ठोकलाय!"

"पोरींना खाऊ घाल आणि सामान बांध. अंधाराच्या आत निघायचं."

"पण तिला सांगितलंत तरी काय तुम्ही?"

"काहीच नाही," खुजामा म्हणाली. "पण तिला कळलं."