सुभद्रेच्या गळ्यातली नळी

मित्रांनो, मी चांदीची एक जुनी, वाकडी नळी आहे. तुमच्या करंगळीएवढी. माझ्या पोटात आणखी एक बारीक नळी बसते. ती काढून धुता येते. घसा बंद होऊन माणूस गुदमरू लागला, की गळ्याला पुढून छेद देऊन मला श्वासनलिकेत बसवतात. मग तो माझ्यातून श्वास घेतो.

विलायतेतल्या एका कारागिराने मला घडवले. जहाजातून आणि मग बैलगाडीतून मी अकोल्याच्या एका दवाखान्यात आले आणि मखमलीच्या पेटीत पडून राहिले. डॉक्टर केशवराव अधूनमधून खाटकाकडून बकऱ्याचे नरडे आणवत आणि मला त्यात बसवून हात बसवत. जिवंत माणसावर तशी वेळ आली नव्हती.

ती आली १८६४ साली. अमेरिकेत लढाई पेटली होती, इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि अकोल्यात दिवसभर रेचे फिरत. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचे हातयंत्र. सुभद्रा आणि तिचा नवरा नत्थुजी असाच एक रेचा चालवत. कापूस नीट वाळला का, हे बघायला सरकी दाताखाली फोडायची सुभद्रेला सवय होती. त्या दुपारी सरकी तोंडात असतानाच शेजारीण काहीतरी बोलली, सुभद्रा खळखळून हसली, आणि सरकी श्वासाबरोबर आत गेली.

नत्थुजीने तिला उचलून धावत दवाखान्यात आणले. तिचे ओठ निळे पडले होते. श्वास ओढताना गळ्याखालची खळगी आत जात होती. केशवरावांनी पाठीवर थापा मारल्या, घशात बोट घालून पाहिले. सरकी खोल होती.

"गळा उघडावा लागेल," ते म्हणाले.

नत्थुजी आडवा आला. "गळा कापल्यावर मानूस जगते काय, डॉक्टरसायेब? मी नाई कापू देत!"

"नाही कापला तर ही आत्ताच जाईल, नत्थुजी."

"माह्या डोयासमोर तिले कापू देऊ?"

सुभद्रेला बोलता येत नव्हते. तिने केशवरावांचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. नत्थुजी बाजूला सरला. तो खाली बसला आणि त्याने तिचे डोके दोन्ही हातांत घट्ट धरले.

गुंगीचे औषध देण्याइतका श्वासच उरला नव्हता. केशवरावांनी मधोमध उभा छेद घेतला. रक्त आले, टिपले, पुन्हा आले. खाली पांढरी श्वासनलिका वर-खाली होत होती. केशवरावांनी सुरीचे टोक तिच्यात घातले. सूंऽ करून हवा आली. लगेच मी आत गेले.

आणि श्वास थांबला! आतून काहीतरी माझ्या टोकावर आदळले. ती सरकीच होती. मला कळत होते, पण सांगणार कशी?

छाती हलत नाही हे केशवरावांनी पाहिले. त्यांनी मला झटकन ओढून काढले, आकड्यांनी जखम फाकवली आणि ओरडले, "खोक, सुभद्रा! खोक!"

ती सगळा जीव एकवटून खोकली. रक्ताने माखलेली सरकी उडून त्यांच्या सदऱ्यावर पडली. मग सूज उतरेपर्यंत त्यांनी मला पुन्हा आत बसवून फितीने बांधले. तिचा ऊन, ओला श्वास माझ्यातून वाहू लागला.

दुसऱ्या दिवशी ती ओठ हलवत होती, पण आवाज येईना. नत्थुजी रडू लागला. "मुकी झाली जी ही!"

तिचा श्वास आवाजाच्या पडद्यांपर्यंत न पोचता माझ्यातूनच बाहेर पडत होता. केशवरावांनी माझ्या तोंडावर बोट ठेवले. "आता बोल."

"रडून काहून राहिले तुमी?" सुभद्रा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बैलायले चारा टाकला का?"

पुढे मला काढले आणि तिची जखम भरली. लोक मला बघायला येत, हात जोडत. पण केशवरावांची अमरावतीला बदली झाली आणि पेटी उंच कपाटात गेली. मी काळी पडले. मला कोणी धुतले नाही, पुसले नाही.

काही वर्षांनी जानराव नावाच्या गाडीवानाला आणले. त्याचा घसा सुजून बंद झाला होता. नव्या डॉक्टरांनी पेटी शोधून काढली. पण आतली नळी वाळलेल्या घाणीने बुजून माझ्यात घट्ट अडकली होती. ते ओढत राहिले. जानरावची बायको त्यांच्या हातांकडे बघत राहिली. नळी सुटली, तेव्हा मला आत घालण्याची गरज उरली नव्हती.

मित्रांनो, मला मखमल नको, कौतुकही नको. मला धुऊन, पुसून हाताशी ठेवा. गुदमरणाऱ्या माणसाला थांब म्हणता येत नाही.