वाळवीने खाल्लेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे, डोळे तपासायचा. वर एक भलंमोठं अक्षर, खाली उतरत उतरत मुंगीएवढी. राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेत नवा आलो तेव्हा काय थाट होता माझा! गुरुजींनी कौतुकाने पुठ्ठ्यावर चिकटवलं. पुढे मात्र वर्षातून एक दिवस भिंतीवर, बाकी दिवस कपाटात झाडूशेजारी. त्याचीही सवय झाली.

पण गेली दोन वर्षं माझ्या जिवाला चैन नव्हतं. कारण प्रेरणा. आठ वर्षांची पोर, दिसायची बारा-तेराची. कोणी काही बोललं की तिचे आजोबा, किसनराव, उखडायचे, "घरचं दूधतूप हाय ते! कायले नजर लावता?" उंच म्हणून गुरुजींनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. फळ्यावरचं उतरवलं नाही की बोलणी खायची. बिचारी!

तपासणीच्या रांगेतही ती शेवटी. पुढच्यांचं ऐकून माझी सगळी अक्षरं घडाघडा म्हणायची. नजर मात्र माझ्यावर नसायचीच, बाजूच्या खिडकीवर असायची. अगं, इकडे बघ तरी! पण मी पडलो कागद, ओरडणार कसा? वहीत 'नजर उत्तम' लिहिलं जायचं आणि मी कपाटात नुसता तळमळायचो.

यंदा कपाटात वाळवी लागली. माझी शेवटची ओळ तिने पार फस्त केली. तपासणीला आलेल्या अनघा मॅडम म्हणाल्या, "असू द्या, वरच्या ओळींवर भागवू." प्रेरणाला सगळ्यांत मोठी समजून त्यांनी तिलाच पहिली बोलावलं. पोरीने एका दमात सगळं म्हटलं. नसलेली शेवटची ओळसुद्धा!

मॅडम चपापल्या. "काहून गं, ही ओळ तर इथं नाहीच. कुठून वाचून राह्यली?"

प्रेरणा रडायला लागली. "पाठ हाय मले. दिसत नाही म्हटलं त सारे हसतीन. म्हणतीन, एवढी घोडी झाली अन् दिसत नाही!"

मॅडमनी वय विचारलं, 'आठ' ऐकून चमकल्या आणि तिला तडक नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. महिन्याभराने तिची आई, वर्षा, गुरुजींना सांगायला आली, तेव्हा मी भिंतीला टेकून होतो. जन्मापासूनच भराभर वाढायचा दुर्मिळ आजार होता तो. अशा मुलांच्या डोळ्यांचे आतले पडदेही तपासत राहावे लागतात म्हणे. "उजव्या डोळ्याचा पडदा सुटला, गुरुजी. तो डोळा गेला. डावा लेझरनं वाचवला." गुरुजींनी वहीतलं 'नजर उत्तम' खोडलं. दोन वर्षं आधी कळलं असतं तर? हा विचार मला आजही कुरतडतो.

मित्रांनो, अंगाने मोठं दिसणारं मूल वयाने लहानच असतं, त्याला हसू नका. आणि माझ्यासमोर उभे राहाल तेव्हा शहाणे ठरायची घाई करू नका. दिसत नसेल तर बिनधास्त म्हणा, 'नाही दिसत.' तेच ऐकायला मी भिंतीवर असतो.