शेपटीची जखम आणि माझ्या तोंडावरची पट्टी

मित्रांनो, मी हेलिकॉप्टरमधली एक जुनी स्क्रीन आहे. तळहाताएवढी. माझ्या तोंडावरचा हा चिकट, काळपट डाग बघून तुम्हाला किळस आली ना? मला त्याहून जास्त किळस कशाची येते ते ऐका.

कारखान्यात मला एकच काम शिकवलं. इंजिनात, पंख्याच्या मुळाशी, शेपटीत सेन्सर बसवलेत. कुठे किती थरथरतंय, किती तापलंय, ते उडतानाच पायलटला दाखवायचं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष ठेव, लाल म्हणजे उतर. माझ्याआधी हे सगळं खाली आल्यावर कळायचं. म्हणजे, आलात तर.

माझ्या नशिबी आले मामा. सख्खी भाची सहपायलट म्हणून शेजारी बसायची, म्हणून तळावर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. वीस वर्षं उडवत होते. सुरुवातीला माझं केवढं कौतुक! आल्यागेल्याला दाखवायचे. दात कोरायचे आणि तेच बोट माझ्यावर टेकवायचे. शी.

मग एकदा माझं चुकलं. खोटं कशाला बोलू? शेपटीतल्या सेन्सरची वायर सैल झाली होती आणि मी उगाच लाल झाले. मामा एका शेतात उतरले. निघालं काहीच नाही. तळावर महिनाभर सगळे त्यांना भित्रे मामा म्हणून हसले. मिस्त्रीनं वायर त्याच दिवशी पक्की केली होती. तरी मामांनी औषधाच्या डब्यातली जखमेची चिकटपट्टी घेतली आणि माझ्यावर जिथे शेपटीची थरथर आकड्यात दिसते, बरोबर तिथे चिकटवली. वरून अंगठ्यानं दाबली. तिच्याखाली धूळ, घाम, तेल, सगळी घाण साचत गेली. कुणी विचारलंच तर म्हणायचे, तिला पिरपिरायची सवयच आहे.

एका दुपारी आम्ही डोंगरावरून पाय मोडलेल्या एका कामगाराला आणत होतो. अर्ध्या वाटेत शेपटी थरथरायला लागली. मी पिवळी झाले, मग लाल. सांगणार कुठून? तोंड बांधलेलं. पट्टी तेवढी आतून लाल दिसायला लागली, रक्त झिरपल्यासारखी. भाचीची नजर गेली.

"मामा, हे लाल दिसतंय."

"असू दे. वायर असेल."

"वायर कधीच बसवलीय. मागे माणूस झोपलाय, मामा. मी काढतेय."

तिनं पट्टी ओढली. आकडा बघून मामांचा चेहरा उतरला. त्यांनी नदीकाठच्या वाळूत उतरवलं. मिस्त्री आला, शेपटीच्या गिअरपेटीतलं तेल त्यानं बोटावर घेतलं. बोट चमचमत होतं. लोखंडाचा चुरा. आतली दातेरी चाकं झिजून तुटायला आली होती.

आणि संध्याकाळी मामा तळावर चहा पीत सांगत होते, की वीस वर्षांचा हात आहे, बसल्या जागी कळतं. मला पोट असतं तर तिथेच ओकले असते. भाची उठली. तीच मळकी पट्टी तिनं सगळ्यांसमोर मामांच्या हेल्मेटच्या काचेवर चिकटवली, डोळ्यांपुढे. मामांनी चहा खाली ठेवला.

मित्रांनो, जखम शेपटीला आणि पट्टी माझ्या तोंडाला, हा कुठला उपचार? माझं चुकलं तर माझी वायर तपासा, शिव्या द्या, पण तोंड बांधू नका.

मामांनी अजून माफी मागितलेली नाही. पण आता उडायच्या आधी ते अंगठ्याच्या नखानं माझ्यावरचा पट्टीचा तो डिंक खरवडत बसतात. थोडाच निघतो. दुसऱ्या दिवशी परत खरवडतात.