दोनशे इंचांची वाटणी

मी एक पोलादी पट्टी बोलतेय. खरं तर बोलायचं नव्हतं. "कुणाला सांगू नकोस हं," असं जिनेटने मला काल बजावलं होतं. पण माझ्या पोटातली स्प्रिंग मला स्वस्थ बसू देत नाही.

मला झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळतात. कारखान्यात माझ्यावरचा प्रत्येक इंचच तिपटीहून थोडा लांब आखला, म्हणून वेढा घातला की मी थेट जाडी सांगते, म्हणजे वर्तुळाचा व्यास. व्हरमाँटच्या या रानात जिनेटच्या आजोबांनी मला तीस वर्षं वापरलं. ते गेल्यावर मी गोठ्यातल्या खिळ्याला लटकून राहिले.

यंदा अ‍ॅशच्या झाडांना कीड लागली आणि मला खाली काढलं. झाडं तोडून लाकूड दोघा भावंडांत वाटायचं होतं. आर्मंडला मेपलचा रस आटवायला, ओडिलला शेगडीसाठी. हिवाळ्यात तिच्या घरात दुसरी ऊब नाही.

"बाबा इंचांवर वाटायचे," आर्मंड म्हणाला. "माझी दहा झाडं, वीस-वीस इंचांची. ताई, तुझी वीस, दहा-दहाची. दोघांचे दोनशे इंच. झालं?"

"वीस झाडं? चंगळ आहे की माझी!" ओडिल हसली.

माझे आकडे बरोबर होते. तरी मला गुंडाळी करून ठेवलं, तेव्हा मी नीट मिटलेच नाही.

जिनेट आर्मंडची मुलगी. चौदा वर्षांची, चार माणसांत मान वर न करणारी. काल गोठ्यात तिने कागदावर बुंध्याचं क्षेत्रफळ काढलं. त्रिज्या दहा, दहा गुणिले दहा गुणिले तीन पूर्णांक चौदा शतांश: तीनशे चौदा. त्रिज्या पाच: साडेअठ्ठ्याहत्तर.

"जाडी निम्मी, पण लाकूड पाव!" ती पुटपुटली. "झाडं दुप्पट, म्हणजे आत्याला बाबांच्या निम्मंच." मग तिने कागद माझ्या चामडी पिशवीत कोंबला. रात्रभर तो मला टोचत होता.

आज सकाळी बाहेर करवतीला धार लावणं सुरू झालं. ओडिल खिमा भरायची पारी लाटत होती. जिनेट मला मुठीत घट्ट धरून तिच्याजवळ गेली.

"आत्या, या पारीतून निम्म्या रुंदीच्या किती निघतील?"

"दोन. हे काय विचारणं झालं?"

जिनेटने बशीने दोन कापल्या. उरलेलं पीठ तेवढंच जाड लाटलं. तिसरी निघाली. पुन्हा लाटलं. चौथी निघाली. जिनेटने त्या चौघींशेजारी मला ठेवलं. ओडिल दाराकडे वळली.

"आर्मंड! आत ये आधी. तुझ्या एका झाडात माझी चार मावतात!"

"काहीतरीच. बाबा आयुष्यभर असंच..."

"आजोबांचं चुकत होतं," जिनेट म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

आर्मंडने त्या चार पाऱ्या बोटाने मोजल्या. कान लाल झाले त्याचे. "मग किती द्यायची?"

"अडीच. मोठ्यांतली," जिनेट म्हणाली. "आत्याची वीस म्हणजे मोठी पाचच. मग दोघांची साडेसात-साडेसात."

"अर्धं झाड कसं देऊ गं?"

"उभं सोडणार होतास का?" ओडिल म्हणाली. "आडवं पडलं की कापता येतं."

तो हसला, टोपी घालून बाहेर गेला. सगळे हलके झाले, मी नाही. तीस वर्षं मी आसपासच्या किती घरांच्या वाटण्यांसाठी माप दिलं! नदीकाठच्या त्या विधवेला सगळी बारीक झाडं आली होती, तिची मुलं त्या हिवाळ्यात...

"जिनेट, पट्टी घेऊन ये लवकर!"

निघावं लागेल. पण त्या हिवाळ्यात तिच्या मुलांनी पलंगाच्या फळ्या जाळल्या, आणि माझे आकडे तेव्हाही बरोबरच होते.