दशम्यांचा हुकूम

मित्रांनो, मी लिंबाच्या अख्ख्या ओंडक्यातून कोरलेली एक जुनी काठवट. शिरूर कासारजवळच्या एका गावात सुतारानं मला घडवलं आणि सारजाबाईच्या हाती दिलं. तिच्या बांगड्या माझ्या काठावर किणकिणायच्या, ज्वारीचं पीठ माझ्या पोटात मऊ व्हायचं. सुखाला आणखी काय लागतं?

तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं. गावच्या तरुणांनी निजामाचा जकातीचा नाका जाळला आणि ते डोंगरात जाऊन राहिले. सारजाबाईचा नवरा म्हाळू त्यांच्यातच होता. त्यांना धरायला पोलिसांची तुकडी आली नि चावडीत उतरली. तुकडीच्या भाकरी थापायचं काम सारजाबाईवर पडलं. तिच्याबरोबर मीही गेले.

तुकडी डोंगरावर कधी चढणार, ते कुणालाच कळेना. एका सकाळी जमादार म्हणाला, "बाई, आज भाकरी नको. दशम्या कर. लई कर."

"दशम्यांना दूध लागतं, जमादारसाहेब. ह्या दुष्काळात शेळ्या दगडं चाटत्यात."

"दूध आमी गोळा करतो. तू मळ."

सारजाबाईची बोटं माझ्यात क्षणभर थांबली. भाकरी घरी खायची; दशमी टिकते म्हणून लांबच्या वाटेला बांधून न्यायची. म्हणजे तुकडी आजच निघणार. जमादारानं आपलं गुपित स्वतःच बोलून टाकलं होतं.

दशम्या भाजून होताच तिनं मला राखेनं घासलं आणि चावडीच्या भिंतीवर उताणी ठेवलं. एरवी काठवट पालथी वाळवतात. पण माळावर शेळ्या चारणाऱ्या सटवाशी तिचं ठरलं होतं: काठवट उताणी दिसली की डोंगरावर निरोप पोचवायचा.

जमादार मात्र मोठा टापटिपीचा. "अगं, आत धूळ बसंल की," म्हणत त्यानं मला पालथी घातलं. मी घुसमटले. सटवानं अजून पाहिलंच नसेल तर?

सारजाबाईनं मला शांतपणे पुन्हा उलटवलं. "दुधाचा वास उन्हानंच जातो. उद्या भाकर आंबूस लागली तर मलाच बोलाल."

"असं हाय का? मग मी कावळे हाकतो."

आणि तो खरोखरच माझ्याजवळ बसून कावळे हाकू लागला. तेवढ्यात माळावरून लांब शीळ आली. शेळ्या डोंगराकडं वळल्या.

तुकडीला डोंगरात फक्त कोमट राख सापडली. दुसऱ्या दिवशी सटवा सांगत आला, "वैनी, म्हाळूदादा पलीकडच्या टेकाडावरनं बघत हुता. म्हनला, दशम्या माझ्या बायकोच्या, अन खातंय कोण बघा." सारजाबाई पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता रडली.

पुढं निजामाचं राज्य गेलं. म्हाळू घरी आला. बाहत्तरच्या दुष्काळात गावच्या बायकांनी सहकारी संस्था काढली, पाझर तलावावर खपणाऱ्यांना भाकरी पुरवल्या. त्या पिठातही मी मनसोक्त न्हाले.

मग स्टीलच्या पराती आल्या आणि मी माळ्यावर गेले. मित्रांनो, लाकूड नुसतं पडून राहिलं की चिरतं. मला खाली घ्या, तेलाचा हात फिरवा, माझ्यात पीठ मळू द्या. आणि घरात जी मळत असेल, ती नेहमी सगळ्यांच्या मागून जेवते. तव्यावरची पहिली दशमी एकदा तिलाच द्या.