आखाडात लावलेल्या तारा

माझा नातू दातांनी त्याच्या आजोबावर गेला होता. वरचे दोन पुढं, खालच्या ओठावर येऊन बसलेले. आमच्या घरात त्याची कुणाला लाज नव्हती. लाज कशाची? त्याच दातांवर ट्रम्पेट टेकवून आमच्या मालकांनी अर्ध्या शहराच्या वराती नाचवल्या. त्यांचा सूर जरा जड असायचा, ओल्या मातीसारखा. दोन गल्ल्या पलीकडून माणूस तो सूर ओळखायचा. ते गेल्यावर बँड माझ्या अंगावर पडला, लोक द्वारकाबाईचा बँड म्हणायला लागले. तो सूर पुढं निघाला तो एकट्या नातवाच्याच तोंडातून. नाव पुंजाराम, पणजोबाचं. मित्र त्याला पीआर म्हणतात.

तर हा पीआर आखाडात माझ्यापुढं येऊन बसला.

"आज्जे, दातांना तारा लावायच्यात."

"का? ट्रम्पेट वाजंना झाला का?"

"ट्रम्पेट वाजतो. मला हसता येईना."

हे खरं होतं. त्याच्या तोंडावर एक तर हात असायचा, नाही तर ट्रम्पेट. मी विचार केला, आता तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत. ढोलाची कातडी आम्ही ह्याच दिवसांत बदलतो, ड्रेसची बटणं ह्याच दिवसांत लावतो. तसेच ह्याचे दातही दुरुस्त होऊन येतील. म्हणलं, लाव बाबा.

औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकेका दाताला चौकोनी तुकडा चिकटवला आणि त्यातून तार ओढली. मला म्हणाल्या, "आजी, ह्याला कडक काही द्यायचं नाही. ऊस नाही, फुटाणे नाहीत, पेरू दातानं तोडायचा नाही. खाल्लं की ब्रश. सुरुवातीला दुखेल. दर महिन्याला तार आवळायला यायचं."

मी मान हलवली. किती दिवस, हे मी विचारलंच नाही. मला ते माहीत होतं ना!

दुखायचं तर लईच दुखलं. तार आवळून आला की त्याला नुसता भातही चावत नसे. गालाला आतून फोड आले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून करून मोरी पांढरी पडली. टोचणाऱ्या तारेवर लावायला डबीतलं मेण मिळालं होतं, ते बोटात मळून मऊ करायचं आणि चिकटवायचं. ज्वारीचा कण तारेत अडकला की आरशापुढं उभा राहून तो तासभर कोरत बसायचा. माझे दात कधीच गेलेत, म्हणून मी वरणात भाकरी कुस्करून खाते. आता विशीतलं पोरगं माझ्या शेजारी बसून तेच खायला लागलं. सून वाढता वाढता म्हणाली, "घरात दोन म्हाताऱ्या झाल्या."

दिवाळी सरली. चिकलठाण्याच्या काकासाहेबांनी पोराच्या लग्नाची सुपारी दिली. मी पुंजारामला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेले. म्हणलं, "काढा आता."

त्या म्हणाल्या, "आजी, अजून दीड-दोन वर्षं लागतील. दात आत्ता कुठं हलायला लागलेत. आज काढल्या तर दात होते तिथं परत जातील."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"पुंजारामला सांगितलं होतं."

मी त्याच्याकडं बघितलं. तो वर पंख्याकडं बघत होता.

घरी आल्यावर म्हणलं, "मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर लावू दिल्या असत्या का?"

"नसत्या दिल्या. बँड काय तुझ्या हसण्यावर चालतो का?"

"चिकलठाण्यात मेण लावून वाजवून दाखवतो," तो म्हणाला. "नाय वाजला तर दुसऱ्या दिवशी तारा काढू. मग मी तोंडातून शब्द काढणार नाय."

ठरलं. तारा निघतील ह्याचं मला वाईट वाटलं नाही. मला सीझन दिसत होता.

लग्नाच्या दिवशी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला. पुढं आमचा बँड. पुंजारामनं ट्रम्पेट ओठाला लावला आणि मला कळलं. सूर चिरका निघाला. वर जायला लागला की फाटायचा. आमचे अन्सारभाई मालकांच्या वेळेपासून क्लॅरोनेट वाजवतात. त्यांनी मागून सूर उचलून धरला, म्हणून नाच चालू राहिला. काकासाहेब माझ्याजवळ आले.

"बाई, तुमच्या ट्रम्पेटला सर्दी झाली का? का आम्हालाच शिळा माल दिला?"

मी काही बोलायच्या आत अन्सारभाईंनी क्लॅरोनेट खाली केलं. "भाभी, बच्चे के मुँह से खून आ रा. बस करो."

मी पुढं झाले. मेण कधीच गळून गेलं होतं. ओठ आतून फाटला होता आणि पांढऱ्या हातमोज्यावर लाल डाग पडत होते. तरी गडी फुंकतच होता. मी ट्रम्पेट हातातून ओढला. ट्रम्पेटच्या तोंडालाही रक्त होतं. मालकांचा ट्रम्पेट तो.

आमच्यात सगळ्यात नवख्या पोराच्या हातात खुळखुळा असतो. तो घेतला आणि पुंजारामच्या हातात दिला.

"काकासाहेब," मी म्हणलं, "आज क्लॅरोनेटवर नाचा. नसंल नाचायचं तर घोडा थांबवा, आम्ही निघतो."

ते पुटपुटले, पण नाचले.

परतताना टेम्पोत पुंजाराम माझ्यासमोर बसला. ओठात कापूस. म्हणाला, "उद्या जाऊ. काढून टाकू. ठरलं होतं."

ठरलं होतं, व्हय. उद्या तारा काढल्या तर दात परत पुढं येणार, आजोबाचे होणार, आणि त्यांच्याबरोबर तो सूरही घरी येणार. मला तो सूर पायजे होता, खोटं कशाला बोलू? पण समोर कापूस लाल होत होता, आणि एवढं होऊनही त्यानं ट्रम्पेट आपणहून खाली ठेवला नव्हता.

"एवढे महिने भाकऱ्या कुस्करल्या त्या काय गंमत म्हणून?" मी म्हणलं. "तारा राहू दे. तोवर खुळखुळा वाजव."

"आणि ट्रम्पेट?"

"जालन्याहून आणू कुणीतरी. बेसूर असंल. ऐकू."

अन्सारभाई म्हणाले, "पीआर मास्टर, खुळखुळा सीधा पकडो. उलटा पकडे तुम."

पुंजाराम हसला. कापूस, रक्त, तारा, सगळं दिसलं. तोंडावर हात नेला नाही. दोन्ही हातांत खुळखुळा होता.

मी फळीला पाठ टेकली. मालकांचा सूर मनात आणून बघितला, तर क्लॅरोनेटच ऐकू येत होतं. उद्या बजाजनगरची सुपारी, आणि निघायच्या आधी भाकरी कुस्करायची होती.